बिनगर्दीचं गणपतीपुळं

परीक्षांच्या दिवसांत कोण देवाला जातं? घरोघरी आईबाप पोरांच्या अभ्यासाच्या राखणीला बसलेले. पण जितेशचं डोकं उलटं.

"आई, याला ऑफ सीझन म्हणतात. मे महिन्यात गेलीस तर देवापेक्षा लोकांच्या पाठीच जास्त दिसतील. आत्ताच जा, मनालीला घेऊन. समुद्राकडची खोली, निम्म्या भाड्यात."

यमुनाला पोराचं कौतुक वाटलं, पण तोंडावर सांगेल ती यमुना कसली! "निम्म्या भाड्यात ना? मग छप्पर तरी पुरं आहे का विचार," म्हणाली आणि सुनेला हाक मारून पिशवी भरायला घेतली.

खरं तर महिनाभर घरात धुसफूस चालली होती. निर्मळ गावातल्या त्यांच्या वाडीत मधोमध बावखल होतं, गोड्या पाण्याचं. केळी, मोगरा, सगळं त्याच तळ्यावर जगायचं. जितेशला ते बुजवून मुंबईच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. जवळच्या राजोडीच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवार झुंबड उडते ती त्याला दिसत होती. यमुनाने सांगून टाकलं होतं, "बावखल बुजलं की विहिरीला खारं पाणी लागलंच समज. मी मेल्यावर काय ते कर." तेव्हा आत्माराम, तिचा नवरा, तिच्या बाजूने बोलला होता. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! त्या एका शब्दावर ती घर सोडून निघाली. "वाडीचं पाणी मी बघतो, तू निवांत जा," असंही तो म्हणाला होता.

पुळ्याला देवासमोर दोन माणसं, त्यातला एक पुजारी. यमुनाने सकाळी दर्शन घेतलं, दुपारी घेतलं, संध्याकाळी पुन्हा उभी. देवही म्हणाला असेल, ही बया अजून गेली नाही? खानावळवाली पानाशी बसून गरम घावन वाढायची, घरची चौकशी करायची. मनाली तर न सांगता पाय चेपायला बसायची. यमुनाला वाटलं, सून गुणाची आहे, आपलीच जीभ कडू.

तिसऱ्या दिवशी तिचं मन वाडीकडे ओढायला लागलं.

"चल, आजच निघू."

मनाली गडबडली. "आई, तिकिटं उद्याची आहेत."

"एसटी रिकामी धावतेय. कंडक्टर हाताला धरून बसवील."

"पण उद्या किनाऱ्यावर जाऊ म्हटलं होतं ना..."

"का, आपल्याकडचा समुद्र आटला?"

मनाली फोन करायला बूथवर पळाली. पण घरी कोणी उचललाच नाही.

गाडीत इतकी जागा की दोघी दोन-दोन सीटवर आडव्या झाल्या. सकाळी रिक्षा वाडीच्या फाटकाशी थांबली, तर मोगऱ्याची अख्खी रांग चाकांखाली चिरडलेली. पुढे ट्रकने हौदा उचललेला, लाल माती बावखलात ओतली जात होती. अर्धं बुजलंच होतं. आणि काठावर हातात काठी घेऊन कोण उभं होतं? आत्माराम. "घे, आणखी मागं घे," म्हणून ट्रकवाल्याला जागा दाखवत.

तिला बघून त्याच्या तोंडून निघालं, "तू उद्या येणार होतीस ना?"

यमुनाने वळून सुनेकडे पाहिलं. मनाली जमिनीकडे बघत होती. पाय कशासाठी चेपले जात होते ते यमुनाला आत्ता कळलं.

जितेश धावत आला. "आई, तुला त्रास नको म्हणूनच..."

यमुना बावखलाकडे वळली. पिशवी खाली ठेवली, लुगडं खोचलं आणि उरलेल्या पाण्यात उतरली. गुडघाभर चिखलात उभी राहून म्हणाली, "टाक रे बाबा आता."

ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं.

"यमुने, वर ये," आत्मारामने हात पुढे केला.

"जितेश माझ्या पोटचा आहे. त्याला फोकाने फोडीन आणि वर भाकरीही वाढीन. तुमचं काय करू ते सांगा."

आत्मारामचा हात तसाच राहिला. ट्रकवाल्याने हौदा खाली घेतला, माती अर्धी हौद्यातच होती.