अळणी नवस

चाळिशी उलटलेल्या माणसाचे पाय वाढतात असं कुणी सांगितलं असतं, तर अंबुबाईनं त्याला वेड्यात काढलं असतं. पण तिच्या घरात हे डोळ्यांदेखत चाललं होतं. तिच्या नवऱ्याच्या, धुळाप्पाच्या, वहाणा तीन वर्षांत तीनदा नव्या करून घ्याव्या लागल्या. झिजल्या म्हणून नव्हे, पाय मावेना म्हणून. बोटं जाडजूड झाली, जबडा पुढं आला, आवाज रांजणातून बोलल्यासारखा घुमू लागला. सोलापूरच्या ज्या गिरणीत तो कापसाच्या गाठी उचलायचा, तिथं त्याला सगळे ‘भीम’ म्हणत आणि नवख्या माणसाला मुद्दाम त्याच्या शेजारी उभं करून गंमत बघत.

घरात याचा कुणाला घोर नव्हता. उलट अभिमानच होता. धुळाप्पाची थोरली बहीण मायाक्का विधवा झाल्यापासून त्यांच्याकडेच राहायची, आणि घरातल्या देवाधर्माचा कारभार तिच्या हातात होता. मंगळवेढ्याच्या पलीकडं त्यांचं मेंढरं राखणारं गाव, आणि तिथला बिरोबा त्यांचा देव. “देवानं हात ठेवलाय माज्या भावावर,” मायाक्का म्हणायची. “उगं का मानूस असा वाडतो?” अधूनमधून धुळाप्पाचं कपाळ ठणकायचं, तेव्हा सुंठ उगाळून लावली की भागायचं. देवाचा हात जरा जड असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

एकोणीसशे पस्तीस सालच्या माघात, भर दुपारी, पाठीवर गाठ घेता घेता धुळाप्पा खाली बसला. डोक्यात कुणी पहार घातली असं ओरडला, भडाभडा ओकला आणि त्याची उजवी पापणी पडली ती वर होईना. चौघांनी हातगाडीवर घालून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. अंबुबाई धावत तिथं पोचली तेव्हा तो एक डोळा कसाबसा उघडून तिच्याकडं बघत होता. पडलेली पापणी बोटानं वर केली की त्याला एकाची दोन माणसं दिसत होती.

“दोन अंबू,” तो पुटपुटला. “एकीच्याच तोंडाला म्या पुरत न्हवतो.”

तेवढं बोलून त्याची शुद्ध हरपली. अंबुबाई व्हरांड्यात आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. रडायला सवड नव्हती. तिनं पदर पसरला आणि बिरोबाला साकडं घातलं, “ह्यांला उठीव. घरी आल्यापासनं सव्वा म्हैना त्यांच्या तोंडाला मीठ लागू द्यायची न्हाय.” नवस बोलताना माणूस दुसऱ्याच्या जिभेचा फारसा विचार करत नाही. अंबुबाईनंही केला नाही.

मायाक्कानं पाठीमागून ऐकलं होतं. तिला नवस पसंत पडला. फक्त तिनं बजावलं, “आता ह्ये घराभाईर कुनाला बोलून दावायचं न्हाय. बोलून दावलेला नवस वाऱ्यावर जातो.”

पंधरा दिवसांत डोकं निवळलं. पापणी अर्धीअधिक वर आली, दोनाची एक अंबू झाली. धुळाप्पा घरी आला आणि त्याच संध्याकाळपासून त्याचं ताट अळणी झालं. त्यानं कुरकुर केली नाही. बायको आपल्यासाठी देवाशी बोलली आहे म्हटल्यावर तो बिनमिठाची शेंगाची चटणीही निमूट खाऊ लागला, आणि सोलापुरातल्या माणसानं ती तशी खाणं म्हणजे काय, हे सोलापूरकरालाच कळेल.

दवाखान्यातले तरुण डॉक्टर सिद्धलिंगप्पा एकाआड एक दिवस सायकलवरून त्याला बघायला घरी येत. ते अक्कलकोटकडचे, घरी कानडी, बाहेर मराठी आणि पुस्तकं सगळी इंग्रजी. असा रोगी त्यांनी पुस्तकातच पाहिलेला होता. दंडाला पट्टा बांधून ते रक्ताचा दाब मोजायचे, आधी निजवून, मग बसवून. बसवलं की आकडा घसरायचा आणि डॉक्टरांचा चेहराही.

“झालं तरी काय ह्यांला?” अंबुबाईनं एकदा धीर करून विचारलं.

“कपाळाच्या मागं, मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते,” डॉक्टर म्हणाले. “अंगातल्या बाकीच्या ग्रंथींची ती मुकादम. तिच्यात गाठ वाढली होती, म्हणून यांचे हातपाय वाढले. त्या दिवशी त्या गाठीत एकाएकी रक्तस्राव झाला. गाठ फुगली, डोळ्यांच्या नसा दाबल्या. आता रक्त जिरलं, डोळे सुटले. पण मुकादम गेला. काम सांगणारं कुणी नाही, तर बाकीची खाती बसून राहिलीत.”

म्हणजे ते देवाचं देणं नव्हतं तर. मायाक्का चुलीपाशी बसून ऐकत होती, तिनं तोंड फिरवलं.

“मग दुसरा मुकादम?” अंबुबाईनं विचारलं.

“तो अजून कुठं मिळत नाही, बाई. मुंबईहून जनावरांच्या ग्रंथींचा अर्क मागवलाय. बघू. खातात काय?”

“भाकरी, आमटी. सकाळी हुलग्याच्या पिठाचं माडगं.”

यात खोटं काहीच नव्हतं. डॉक्टर दर खेपेला हाच प्रश्न विचारायचे आणि दर खेपेला हेच उत्तर मिळायचं.

चैत्र लागला. सोलापूरचं ऊन म्हणजे काय सांगायचं. पत्रा तापून घरात बसवेना. पण धुळाप्पा घोंगडं गुंडाळून कुडकुडत पडलेला असायचा. उठून बसला की त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. खाल्लेलं ओकून पडायचं. दाढी करायला ज्ञानबा न्हावी आला, तर वस्तारा हातात घेऊन नुसता बघत राहिला. “हितं काय फिरवू? गाल पोराच्या गालागत झालाय की.” मुंबईचा अर्क आला. सुई टोचली की अर्धा दिवस धुळाप्पा जागा व्हायचा, दोन शब्द बोलायचा, पुन्हा मिटायचा. गाठी पेलणाऱ्या त्या पंजांत आता तांब्या ठरत नव्हता. अंबुबाई रोज देवापुढं दिवा लावत होती आणि मनात म्हणत होती, आता पंधरा-सोळाच दिवस राहिले, तेवढं सोस.

नवसाच्या बाविसाव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले ते सायकल भिंतीला फेकल्यासारखी टेकवून. अर्क संपला होता आणि मुंबईतही आणखी नव्हता. पण आदल्या दिवशी टपालानं आलेल्या मासिकात त्यांना काही सापडलं होतं.

“मीठ,” ते म्हणाले. “साधं मीठ. परदेशात अशा रोग्यांना जास्त मीठ देऊन बघितलंय, ते तग धरतात. आजपासून माडग्यात, ताकात, पाण्यात, सगळ्यात मीठ. नेहमीच्या दुप्पट.”

शून्याची दुप्पट किती होते, हे कळायला शाळा लागत नाही. दारात मायाक्का खाकरली.

“ऐकलंत ना? एरवी किती घालता?” डॉक्टरांनी विचारलं.

अंबुबाईनं एकवार नणंदेकडं बघितलं, एकवार बाजेवरच्या नवऱ्याकडं. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

“घालतच न्हाय, डाक्टर,” ती म्हणाली. “बावीस दिस झालं. नवस हाय.”

“अय्यो!” डॉक्टरांनी चष्मा काढला. “अहो, मी दर खेपेला विचारत होतो, काय खातात म्हणून!”

“भाकरी-आमटीच खात व्हते की.”

मायाक्का पुढं आली. “ज्या शब्दापाई देवानं माजा भाऊ माघारी दिला, त्योच मोडायचा व्हय? मग देव त्याला न्हील की!”

डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. आवाज चढवला नाही. “मी देवाशी भांडायला आलेलो नाही, आक्का. पण याच्या अंगात आज-उद्यापुरतीच ताकद उरली आहे. मला जे माहीत आहे ते सांगितलं. याहून जास्त माहीत नाही.” ते गेले.

अंबुबाई चुलीपुढं बसली. हुलग्याचं माडगं रटरटत होतं. तिला भीती वाटत होती, अशी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. देव खरा असला तर मिठानं माणूस जाईल. डॉक्टर खरे असले तर अळणीनं जाईल. दोन्हीकडून मारणारा हात तिचाच. दवाखान्यात पंधरा दिवस तो मिठाचं खात होता आणि सुधारत होता, हे तिला आत्ता आठवलं. आपल्या मायेनंच आपण त्याला वाळवत आणलं.

ती उठली. कोनाड्यात बिरोबाचा टाक होता, त्याच्यापुढं बसली. मायाक्काला ऐकू जाईल याची पर्वा न करता मोठ्यानं बोलली.

“देवा, बोलले मी आन वाळवलं ह्यांला. ही चूक माजी. त्यांनी तुला कायबी कबूल केलं न्हवतं. तवा त्यांचा नवस मी माज्या तोंडावर घेते. सव्वा म्हैना न्हाय; जवर त्ये हायत, तवर मी अळणी. तुजं काय बुडत न्हाय. आन राग आलाच, तर मी हितंच हाय.”

मायाक्का तिच्याकडं बघत राहिली. “लई बोललीस अंबू. देव एवडं मागत न्हवता.”

“देव मागत न्हवता. मीच देतीया.”

मग तिनं मिठाचे खडे कुटले आणि माडग्यात घातले, एक चिमूट, दुसरी, तिसरी. धुळाप्पाचं डोकं मांडीवर घेतलं. मायाक्कानं पुढं होऊन त्याची मान धरली. पहिला घोट ओठांवरून ओघळला. दुसरा आत गेला. त्याची जीभ ओठांवरून फिरली आणि तो थांबला.

“औषद हाय डाक्टरचं,” अंबुबाई म्हणाली.

त्यानं डोळे मिटूनच तोंड पुढं केलं. वाटी संपल्यावर म्हणाला, “लई ग्वाड हाय औषद.” मायाक्कानं पदर तोंडाला लावला आणि ती बाहेर गेली.

चौथ्या दिवशी तो टेकून बसला. डॉक्टरांनी बसवून दाब मोजला, आणि आकडा पडला नाही तेव्हा ते स्वतःच मटकन बाजेवर बसले. सव्वा महिना भरल्यावर नवस फिटला, असं अंबुबाईनं नवऱ्याला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं, पण अर्धं खरं सांगायची तिला आता सवयच झाली होती. वैशाखात तो गल्लीच्या टोकापर्यंत चालला. पुढं डॉक्टरांनी कसल्याशा गोळ्याही मिळवल्या, त्यांनी थंडी थोडी ओसरली.

मात्र जुना धुळाप्पा काही परत आला नाही. हातपाय तेवढेच मोठे राहिले, पण त्यातलं बळ गेलं. चेहरा बारीक सुरकुत्यांनी भरला, कातडी फिकी पडली. नवरा-बायकोतलं एक दार कायमचं मिटलं. गिरणी सुटली. गावाकडून लोकर आणून तो चुलीशेजारी बसून टकळीवर सूत काढायचा, घोंगड्यासाठी. ते काम त्याला पोरवयापासून येत होतं. हळूहळू काढायचा, पण सूत चांगलं निघायचं.

गिरणीत होता तोवर त्यानं बायकोला जेवताना कधी बघितलंच नव्हतं. पुरुषमाणूस जेवून उठला की मग बायका बसायच्या. आता तो दिवसभर चुलीपाशीच असायचा. आषाढातल्या एका दुपारी, त्याचं जेवण उरकल्यावर अंबुबाई ताट घेऊन बसली. मायाक्का शेजारी गेली होती. धुळाप्पाला आणखी एक घास खावासा वाटला. त्यानं हात लांब करून तिच्याच ताटातल्या चटणीला भाकरीचा तुकडा लावला आणि तोंडात टाकला.

त्याचं चावणं थांबलं.

“मीठ विसरलीस?”

अंबुबाईनं मान खाली घातली. त्यानं आमटीत बोट बुडवून चाटलं. विसरायचं तरी किती ठिकाणी? त्याच्या लक्षात यायला वेळ लागला, हल्ली सगळ्यालाच लागायचा, पण आलं.

“किती दिस खातीयास अशी?”

“तुमी उटल्यापासनं.”

“आन कुटवर?”

खोटं बोलायची तिला इच्छा राहिली नव्हती. “जवर तुमी हायसा तवर.”

चुलीतलं लाकूड धुळाप्पानं उगीचच पुढं सरकवलं. मग त्याच्या त्या थोराड चेहऱ्यावर, किती महिन्यांनी कोण जाणे, जुनी चेष्टा उमटली.

“म्हंजी म्या जितका लांबंन, तितकं तुजं अळणी लांबनार.”

“व्हय की.”

“मग आटपतो एकांद्या वर्सात. तुला बी मीठ मिळंल.”

अंबुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात आलं नव्हतं, ते आत्ता आलं. ते न पुसता तिनं त्याच अळणी चटणीचा घास मोडला.

“गप बसा,” ती म्हणाली. “मला लई वर्सं अळणी खायाचंय.”