खोलीभर जाळं

"तूच वाच. मना कुठं वाचता येतंय?" सोनाबाईंनी नोटीस परत केली आणि हात पुन्हा जाळ्यात घातले.

अंकिताने कडेवरची लेक सावरली. 'बायकांचं बायकांत बोल' म्हणून नवऱ्याने, मितेशने, तिला पुढे केलं होतं, आणि स्वतः बाहेर बाइकवर बसून राहिला होता. पनवेलच्या कोळीवाड्यातली ही लांबट खोली दोघांनी मे महिन्यात विकत घेतली, ती भाडेकरणीसकट. जुन्या मालकाच्या बापाने ती सोनाबाईंना भाड्याने दिली होती, तेव्हा अंकिताचा जन्मही झाला नव्हता.

"एकतीस जुलैला खोली रिकामी हवी," अंकिता एका दमात बोलून गेली. "आमच्या घरमालकालाही त्याच दिवशी फ्लॅट हवाय, आजी. एवढीशी पोर घेऊन मी कुठे जाऊ?"

"मी कवा बोल्ली नाय जात म्हनून? पन उरणच्या होडीचं जाळं हाय हे. नारळी पुनवेला दर्यात जानार. चाळीस हात विनायचं राह्यलंय. ते झालं की निघाले."

"दुसरीकडे नेऊन विणलं तर?"

सोनाबाई खुदकन हसल्या. "शिकलेली ना गो तू? मधीच उतरवलं तर ताण बदलतो, भोकं लहानमोठी व्हतात. मासळी निसटली की होडीवाला शिव्या कोनाला घालंल, मना का तुला?"

तेव्हा कुठे अंकिताने मान वर करून नीट पाहिलं. आढं दिसतच नव्हतं. खुंट्या-खुंट्यांवरून हिरवं जाळं घडीवर घडी लोंबत होतं, खाटेवर उतरून पुन्हा वर चढत होतं. माणसाने राहावं एवढी जागा कोपऱ्यात, स्टोव्हपाशी उरली होती. एका हाताच्या लांबीत किती गाठी, हे ती मोजू लागली आणि शंभराच्या पुढे तिने नाद सोडला. सगळ्या गाठी या एका बाईच्या. किरकिरणारी लेकसुद्धा गप्प होऊन वर बघत राहिली.

त्यानंतर अंकिता दर दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून येऊ लागली. घरी काळजीने तिला झोप लागत नसे. इथे आली की सोनाबाईंच्या बोटांवरून नजर हलत नसे. वीस तारखेला आली, तर सोनाबाई तापाने कोपऱ्यात आडव्या पडलेल्या. अठरा हात उरलेले.

"कुलूप बदलून टाकू," रात्री मितेश म्हणाला. "नाहीतर आपणच रस्त्यावर येऊ."

दुसऱ्या दिवशी अंकिता पेज घेऊन गेली. सोनाबाई उठून बसल्या होत्या. सुई चालू होती.

"आजी, पंधरा दिवस मी आईकडे राहते. तुम्ही सावकाश..."

"नको." सोनाबाईंनी गाठ आवळली. "तारीख तू दिलीस, मी घेतली. आता तिच्यात हात घालू नको. पेज ठेव तिथं."

एकतीस तारखेला सकाळी नवराबायको पोचली, तर सोनाबाईंची ट्रंक आणि स्टोव्ह दाराबाहेर होते. त्यांचा भाचा प्रितेश बारा-तेरा माणसं घेऊन आला होता. टेम्पो गल्लीत शिरत नव्हता, म्हणून पुरं झालेलं जाळं खांद्यांवर निघालं. पहिला माणूस हमरस्त्याला पोचला तरी खोलीतून जाळं येतच होतं. रिक्षा थांबल्या. कोणीतरी ओरडलं, "सोनाबाय, घरात दर्या ठेवलावता का गो?"

"तुज्या बापाला इचार!" आतून उत्तर आलं.

अंकिता भिंतीला टेकून बघत होती. एवढ्याशा दारातून एवढं कसं निघतंय, हे तिला डोळ्यांनी बघूनही पटत नव्हतं.

शेवटचं टोक दोन्ही हातांवर घेऊन सोनाबाई उंबऱ्यात आल्या. "चावी कनवटीला हाय. तूच काढ. नवं जाळं दर्याच्या आधी मातीला लागू द्यायचं नसतं."

लेकीला मितेशकडे देऊन अंकिता वाकली. त्यांच्या कमरेच्या लुगड्याची घडी तिने जपून सैल केली. चावी त्यांच्या अंगाने कोमट झाली होती. घडी तिने पुन्हा नीट खोचून दिली.

पुढची रांग हलली. सोनाबाईही निघाल्या. मागे वळून पाहायला थांबल्या असत्या, तर जाळं जमिनीला टेकलं असतं.