टाकीतला नक्षीदार शंख

पुंजाराम पगारे नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होता. वीस वर्षं बाटल्यांतले मेलेले प्राणी पुसून पुसून त्याला जिवंत समुद्र पाळायची हौस आली. शहरातल्याच उपनगर नावाच्या वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत त्याने काचेची टाकी मांडली, ओळखीच्या ट्रकवाल्याकडून मुंबईहून समुद्राचं पाणी आणवलं आणि त्यात तीन चिमुकले निळे मासे सोडले. कॉलनीतली माणसं बघायला येऊ लागली. पण महिन्याभरात काचांवर शेवाळ चढलं, वाळूवर तपकिरी साय धरली. मासे आहेत की नाहीत तेही कळेना.

चौऱ्याऐंशी सालच्या डिसेंबरात कॉलेजची सहल रामेश्वरजवळच्या किनाऱ्यावर गेली, तेव्हा सामान सांभाळायला पुंजारामही गेला. तिथे त्याने टाकी साफ ठेवणारे जीव निवडले. खडकाला चिकटून शेवाळ खरवडणाऱ्या काळपट, गोल गोगलगाई आठ. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून राहणारे, उष्टंखरकटं खाणारे बारके खेकडे चार. प्रत्येक जीव काय खातो ते बघून मगच उचलला. शेवटच्या दिवशी मात्र वाळूत एक बोटभर लांब शंख दिसला. गुलाबीसर पांढऱ्या अंगावर तपकिरी ढग काढल्यासारखी नक्षी. तो काय खातो ते पुंजारामने पाहिलं नाही. शंखच तो, खाईल शेवाळच, असं म्हणत त्याने तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि दोन तास तसाच हिंडला. मग ओल्या शेवाळात गुंडाळून सगळी मंडळी डब्यातून घरी आली.

गोगलगाईंनी आठवड्यात काचा लख्ख केल्या. कोपऱ्यातलं राहिलेलं शेवाळ पुंजारामची बायको चांगुणा पुसायची. सकाळी बालवाडीत शिकवून ती दीडला घरी येई, जेवून दोनच्या सुमाराला फडकं घेऊन कोपरापर्यंत हात टाकीत घाली. नक्षीदार शंख तिला पहिल्यापासून आवडला नव्हता. तो कधी काच चाटत नसे; वाळूत दडून नुसती एक नळी वर काढून बसे.

"गोगलगाय नि पोटात पाय," ती एकदा म्हणाली. पुंजाराम हसला. तो वाळू साफ करतो, असं त्याने तिला समजावलं.

जानेवारीत एक मासा नाहीसा झाला. उडी मारून बाहेर पडला, मांजराने नेला, असं चांगुणा म्हणाली.

फेब्रुवारीत एका दुपारी देवरे सरांनी पुंजारामला नवीन लेबलं लिहायला बोलावलं. देवरे सर सटाण्याचे, नव्यानेच रुजू झालेले. टेबलावर रंगीत चित्रांचं पुस्तक उघडं होतं, आणि त्या पानावर पुंजारामचा शंख होता. तेच गुलाबी अंग, तेच ढग.

"याच्यापासून जपून राहायचं, पगारे," सर म्हणाले. "तोंडात सुईसारखा विषारी दात असतो. मासा जागच्या जागी गार करतो आणि अख्खा गिळतो. याच्या जातीतल्या काहींनी माणसंही मारलीत. आधी बोटं बधिर होतात, मग ओठ, मग श्वास थांबतो. उतारा नाही."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते. पुंजारामचा हात आपोआप छातीवरच्या खिशाकडे गेला. मग त्याला बायकोचा हात आठवला, आणि सरांना काही न सांगता तो जिना उतरला.

कॉलनीत कुणाकडे फोन नव्हता. त्याने सायकल दामटली. वाटेत द्वारका चौकात ट्रकांची रांग लागली होती, ती संपेना. चांगुणाने आता ताट घासलं असेल, आता पदर खोचला असेल, आता बांगड्या वर सारल्या असतील. पुढचं मन बघायला तयार नव्हतं, तरी बघत होतं. उपनगरच्या चढावर तो उतरला आणि सायकल ढकलत पळाला.

दार नुसतं लोटलेलं होतं. टाकीखाली पाणी सांडलेलं, फडकं ओलं. चांगुणा भिंतीकडे तोंड करून खाटेवर निजली होती. तिला हाक मारायचा त्याला धीर होईना. शेवटी त्याने खांद्याला हात लावला. ती दचकून उठली.

"हात दाखव," तो म्हणाला. एकेक बोट दाबून तो विचारत गेला, "कळतंय? हे कळतंय?"

"कळतंय की. डोकं दुखत होतं म्हणून पडले. झालं काय?"

त्याने धापा टाकत सगळं सांगितलं.

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "त्याचं तोंड पिशवीसारखं फुगलं आणि मासा त्यात गेला. तेव्हापासून मी हात घालत नाही. काठीला फडकं बांधते."

"मग मांजराचं का सांगितलंस?"

"तुम्ही पुन्हा हसला असता. आणि त्याच्यावर तुमचा फार जीव होता."

पुंजारामला तिच्याकडे बघवेना.

शंख वाळूवर कुठे दिसत नव्हता. मासे, गोगलगाई नि खेकडे बादलीत काढून त्यांनी नळीने पाणी उपसलं. मग चांगुणाने सांडशी आणली. पुंजाराम ती घेऊ लागला, पण तिने घेऊ दिली नाही. ती वाळू उकरत गेली. शंख निघाला पुढच्या काचेच्या कोपऱ्यात. रोज ती पुसायची तिथेच. सांडशीत धरल्यावर त्याच्या निमुळत्या टोकातून एक बारीक सोंड बाहेर आली आणि लोखंड चाचपत हळूहळू तिच्या बोटांकडे लांबू लागली. पुंजाराम मागे सरकला. चांगुणाची पकड सुटली नाही. डब्यात टाकून झाकण लावल्यावरच ती भिंतीला टेकून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी देवरे सरांनी तो स्पिरिटमध्ये घातला आणि पुंजारामला चांगलंच फैलावर घेतलं.

टाकी त्याने मोडली नाही. पुढच्या सहलीतही गोगलगाई आणल्या, पण एकेकीजवळ उकिडवा बसून, ती शेवाळ खरवडते हे डोळ्यांनी बघून. तरी टाकीत हात घालायची वेळ आली की तो चांगुणाला हाक मारी. ती येऊन शेजारी उभी राही, मगच तो बाही वर सारी.