पोटखराब्याची ओळ

“एवढी एक ओळ काढा, ताई,” नमनशेठ स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले. “बाकी सगळं बराबर आहे.”

ओळ अशी होती: ‘सातबाऱ्यावर पोटखराबा वेगळा दाखवलेला नसेल, तर उत्तर चुकते.’

बदनापूरहून रोज जालन्याला येणारी दैवशाला चाळिशीला टेकली होती. नऊ वर्षं ती नमनशेठच्या कंपनीत दुसऱ्यांच्या लायब्रऱ्यांची वर्णनं लिहीत होती. लायब्ररी म्हणजे कुणीही उचलून आपल्या कामात जोडावं असं तयार कोडचं पुडकं, आणि वर्णन म्हणजे त्यावरची चिठ्ठी: आत काय आहे, कुणी केलं, कुणाला चालेल. या खेपेला पुडकंही तिचंच होतं. सातबारा वाचून, पोटखराबा म्हणजे ओढ्या-खडकाची नापीक जागा वजा करून, लागवडीची जमीन सांगणारं. कर्त्याच्या रकान्यात पहिल्यांदाच तिचं नाव लागणार होतं, आणि आईला तिने ते सांगूनही टाकलं होतं.

“काहून काढायची? चुकतं ते चुकतं.”

“अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची! लिहा, ‘सर्व सातबाऱ्यांसाठी परिपूर्ण’.”

“म्हंजी नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. तुमच्या घरच्या बियाण्याच्या धंद्यात पिशवीवर उगवण शंभर टक्के छापता का?”

“तिथं कायदा आहे.”

“मंग इथं मी हाय.”

सगळं ऑफिस ऐकत होतं. नमनशेठ माणूस वाईट नव्हते, पण चारचौघांत ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

“ठीक. ती ओळ वाचून गिऱ्हाईक भडकलं तर त्याला मालकाचं नाव दिसलं पाहिजे. ओळ ठेवायची तर नाव माझं लागेल. तुमचं पाहिजे, तर ओळ जाईल. बोला.”

दैवशालाचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. चार महिने रविवारसुद्धा न बघता केलेलं काम होतं ते. पण उद्या कुणीतरी ते विश्वासाने उचलणार, खडकाचीही जमीन लागवडीत धरून कुणाचा तरी पीक विमा भरणार, आणि अर्ज बाद झाला की खोटेपणाचा ठपका त्या शेतकऱ्यावर येणार.

“नाव काढा,” ती म्हणाली. “ओळीला हात लावायचा न्हाई.”

आठ दिवसांनी राजूरच्या एका प्रोग्रामरने त्या पुडक्याच्या पानावर लिहिलं: ‘आमच्या जुन्या सातबाऱ्यांवर पोटखराबा वेगळा नाही, म्हणून हे वापरत नाही. आधीच सांगितलंत, फार उपकार झाले नमनजी.’ खाली नमनशेठनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं.

दैवशालाने ते दोनदा वाचलं. वाईट वाटलंच. मग तिने पुढच्या पुडक्याचं वर्णन उघडलं, आणि ते काय करतं हे लिहिण्याआधी, काय करत नाही ते लिहायला घेतलं.