मोडीत घातलेलं विमान

बसवंतचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि गोदाम सांभाळणाऱ्याला तेवढा एक गुण पुरे, असं त्याचं मत होतं. चिकोडीकडून बंगळूरला येऊन त्याला सात वर्षं झाली होती. मारतहळ्ळीच्या अलीकडे, धावपट्टीच्या कुंपणालगतच्या मैदानात हवाई दलानं निवृत्त केलेली विमानं उभी असत, त्यांची राखण त्याच्याकडे. महायुद्धातली ती चार-चार इंजिनांची धुडं उन्हात रंग टाकत उभी होती. भंगाराचा कंत्राटदार येई आणि एकेक कापून नेई.

१९६८च्या उन्हाळ्यात दिल्लीहून पत्र आलं, की एक विमान संग्रहालयासाठी राखून ठेवा. मात्र आतलं सामान सगळं हवं. नुसतं टरफल असेल तर नको, तेही कंत्राटदाराला देऊन टाका. साहेबांनी एकवीस नंबर निवडलं आणि बसवंतला बजावलं, "एक स्क्रू हरवला तरी जबाबदारी तुझी." बजावायची गरज नव्हती. दुपारी कुणी नसलं की बसवंत त्याच विमानात वैमानिकाच्या जागेवर जाऊन बसायचा, आणि हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याचा त्या विमानावर जीव होता.

विमान साफसूफ करायला बिंदुमाधवराव आले. निवृत्त फिटर, लढाईच्या काळात त्यांनी हीच विमानं दुरुस्त केलेली. उलसूरचे, तीनशे वर्षं इथंच मुरलेल्या मराठी घराण्यातले. "स्वल्प तेल दे की रे अण्णा," असं कानडी मिसळून ते म्हणाले तेव्हा बसवंतला हसू आलं. ते हसू आठवडाभर टिकलं.

मग एकवीस नंबरमधला कंपास नाहीसा झाला. दोन दिवसांनी वैमानिकासमोरची तीन गेजं गेली, त्यानंतर रेडिओची पेटी. बसवंतच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, "सामान कुठाय?"

"जपून आहे. तुला कशाला पंचाईत?"

उलटा प्रश्न करणारा माणूस सरळ नसतो, हा बसवंतचा अनुभव. तो पाळत ठेवू लागला. म्हातारा रोज पिशवी घेऊन सात नंबरमध्ये शिरायचा आणि रिकामी पिशवी घेऊन बाहेर यायचा. सात नंबर म्हणजे नाक चेपलेलं, कुणाला नको असलेलं विमान. बसवंत बॅटरी घेऊन आत जाऊन आला. तळाच्या फळ्या आणि कबुतरांची घाण, दुसरं काही नाही. शिवाय तो कंत्राटदाराच्या मुकादमाबरोबर चहा प्यायला बसला, की म्हातारा काम टाकून टक लावून बघत राही. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते खोटं नाही.

म्हाताऱ्याला कँटीनचं चालत नसे. थोरली बहीण अनुसूयाबाई दुपारी बसनं डबा घेऊन फाटकापर्यंत येई. एका दुपारी बसवंत फाटकाजवळच्या राखणदाराच्या खोलीच्या आड उभा होता, तेव्हा त्याच्या कानावर आलं:

"अक्का, नाकापासून पंखापर्यंतचं सगळं मोडीत घातलं बघ. शेपूट तेवढं राहिलं."

"कुणाला कळायचं नाही ना रे तम्मा?"

"इथल्या कुणाला कळतंय!"

मोडीत! त्याची आई फुटका तांब्या तांबटाकडे मोडीत घालायची. या मैदानातही दुसरं काय चाले? पण एकवीस नंबर मोडीत? तासाभरात तो साहेबांपुढे उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीतून म्हाताऱ्याचं नाव उडालं.

"आत माझं काम राहिलंय! साहेबांना बोलव!" फाटकाबाहेरून बिंदुमाधवराव ओरडत होते. राहिलं असणारच, बसवंत मनात म्हणाला. शेपूट राहिलंय ना. साहेबांना त्यानं बोलावलं नाही.

चौथ्या दिवशी कंत्राटदाराचे ट्रक आले. कुठलं विमान आधी कापायचं हे ठरवणं बसवंतच्या हातात होतं. त्यानं सात नंबर दाखवलं. चोराचा अड्डाच उठवलेला बरा! संध्याकाळपर्यंत ते तुकडे तुकडे होऊन के. आर. पुरमच्या मालधक्क्याकडे गेलं. गेटपासवर सही बसवंतची.

दिल्लीची माणसं सोमवारी यायची होती. शनिवारी अनुसूयाबाई फाटकावर आल्या, पण हातात डबा नव्हता, वही होती.

"तम्मा तापानं पडलाय. ही साहेबांना द्या, दिल्लीवाल्यांना लागेल म्हणाला."

बसवंतनं वही उघडली. पानभर एकमेकांत गुरफटलेली अक्षरं, हात न उचलता लिहिलेली. ना कन्नड, ना मराठी, ना इंग्रजी. पाकिस्तानशी लढाई होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. ही हेराची लिपी तर नसेल?

"अक्का, ही कसली लिपी? खरं सांगा."

"कसली म्हणजे? मोडी की! आमच्या घरी सगळे मोडीतच लिहितात. तुम्ही मराठी ना हो?"

"मी कन्नड शाळेतला," बसवंत कसंबसं म्हणाला. "वाचून दाखवा."

त्या वाचू लागल्या. "कंपास, एकवीस नंबर. कापडात गुंडाळून सात नंबरात, मधल्या फळीखाली. गेजं तीन, तिथंच. रेडिओ, तिथंच. दिल्लीवाले आले की काढून परत बसवणे." सात नंबर तर गेलं होतं. त्या वाचतच होत्या. "बसवंताचा भरवसा नाही. मुकादमाचा दोस्त. हाती लागलं तर एक दिवस सगळं कंत्राटदाराला देऊन टाकील." इथं त्या ओशाळल्या आणि वही मिटून परत घेऊन गेल्या.

बसवंतनं सायकल काढली. के. आर. पुरमला मालधक्का झाडून स्वच्छ होता. वॅगन सकाळीच गेली होती.

तिथून तो उलसूरला गेला. बिंदुमाधवराव घोंगडी पांघरून पडले होते. बसवंतला रडू येत होतं, तरी त्यानं काही लपवलं नाही. मोडीचं ऐकलं ते, साहेबांना सांगितलं ते, सगळं बोलला. "सात नंबर मी दिलं. सही माझी."

म्हाताऱ्यानं बहिणीकडून वही मागून घेतली, चष्मा लावला, पान शोधून एका ओळीवर बोट ठेवलं.

"'सगळं कंत्राटदाराला देऊन टाकील.' म्हणजे मी बरोबरच लिहिलं होतं," तो म्हणाला.