चार प्रमुख आणि एक पब्लिक

मानवजातीला सुरुवात झाली तेव्हा सगळ्यात आधी भांडण लागलं. आगीबिगीचा शोध नंतर.

हे भांडण झालं कुजबुजच्या बाबांच्या सोफा दुरुस्तीच्या दुकानात, सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं वर करून. दुकान म्हणजे आदिमानवांची आयती सोय होती. उलटे करून ठेवलेले सोफे म्हणजे गुहा, फोमच्या लाद्यांचा ढीग म्हणजे डोंगर, काथ्याची पोती म्हणजे रान आणि मधोमध उलगडून टाकलेलं निळं रेक्झिन म्हणजे नदी. कोपऱ्यात चाकांवर उभा असलेला चॉकलेटी रंगाचा अगडबंब सोफा म्हणजे मॅमथ. बाबा बटणं आणायला बाजारात गेले होते. "दुकानात काय वाटेल ते करा, फक्त कापडावर पाय देऊ नका," एवढं सांगून.

खेळ साधा होता. संध्याकाळपर्यंत रानटी टोळीचं गाव करायचं. आग, शेती, घरं, सगळं मिळून शोधायचं. आता मिळून शोधायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न येणारच, की टोळीचा प्रमुख कोण?

"मी," दादा म्हणाला. हा कुजबुजच्या मोठ्या काकांचा मुलगा. मिसरूड फुटल्यापासून तो नुसतं 'पंखा लाव' म्हणाला तरी कोर्टाने निकाल दिल्यासारखं वाटायचं.

"मी," ताई म्हणाली. ही दादाची बहीण. खेळाचे सगळे नियम तिच्या डोक्यात असायचे आणि तिथल्या तिथे बदलायचे.

"मीत," टिल्लू म्हणाला. हा कुजबुजचा धाकटा भाऊ. त्याचे पुढचे दोन दात बेपत्ता होते.

"मी!" कुजबुज म्हणाली, आणि फोमच्या डोंगराची वरची लादी घसरून खाली आली.

सगळे तिच्याकडे बघतच राहिले. तिला कुजबुज म्हणायचे ते काही उगाच नाही. ती इतकी हळू बोलायची की एकदा सगळं घर तिला मागे ठेवून लग्नाला निघालं होतं, आणि "मी राहिले, मी राहिले" असं ती दारातून सांगत होती ते कुणाला ऐकूच गेलं नव्हतं. खेळात तिच्या वाट्याला उरलेलं काम यायचं. एकदा ती झाड होती. एकदा मेलेलं हरीण. पण या वर्षी शाळेच्या मैदानावर ऐन स्पर्धेत माइक बंद पडला, बाईंनी समोर दिसली म्हणून हिलाच निकाल ओरडून सांगायला उभं केलं, आणि तिच्या पोटातून असा काही आवाज निघाला की मैदानापलीकडची कुत्रीसुद्धा उठून बसली. त्या दिवसापासून पोरगी पार बदलली. आता तिला एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, आपण काहीतरी सांगावं आणि कुणीतरी ते ऐकावं.

"ठीक आहे, मग चौघेही प्रमुख," ताईने निकाल लावला.

तेवढ्यात मॅमथ निघाला. दुकानाच्या फरशीला उतार होता, आणि टिल्लूने मगाशी चाकाखालची वीट काढली होती.

"मारा त्याला!" दादा गरजला.

"घेरा त्याला!" ताई ओरडली.

"पतडा!" टिल्लू.

"भाले काढा!" कुजबुज.

चौघांनी चौघांना हुकूम सोडले आणि चौघेही कमरेवर हात ठेवून वाट बघत उभे राहिले. मॅमथ रमतगमत नदी ओलांडून गेला आणि भिंतीला टेकला. टोळी उपाशी राहिली.

"असं नाही चालणार," ताई म्हणाली. "नवा नियम. ज्याचं कुणीतरी ऐकतं तोच प्रमुख. आधी प्रजा पाहिजे."

"आज ज्याला प्रजा मिळेल तो कायमचा प्रमुख," दादाने पाचर मारली. "पुढच्या सगळ्या सुट्ट्यांत. बाकीच्यांनी गप हरीण व्हायचं." हे बोलताना त्याने मुद्दाम कुजबुजकडे बघितलं.

पण प्रजा आणायची कुठून?

प्रजा शटरखालून वाकून आत आली. खाकी कपडे, खांद्यावर चामडी पिशवी, पायात चेपलेल्या चपला. या बस कंडक्टरबाई. त्यांची खुर्ची दुरुस्तीला होती.

"वडील कुठायत गं? खुर्ची आज देतो म्हणाले होते."

"बटणं आणायला गेलेत. येतीलच."

"येतीलच म्हणजे कधी? हे 'येईलच, येईलच' मी रोज लोकांना सांगते. मला त्याचा अर्थ शिकवू नकोस."

दुसरी कुणी असती तर ओशाळली असती. कुजबुजने संधी साधली. "बाई, तोपर्यंत तुम्ही आमची प्रजा व्हाल का?"

"काय होऊ?"

"प्रजा. म्हणजे लोक. म्हणजे पब्लिक. काम काहीच नाही, आमच्यापैकी एकाचं ऐकायचं."

"आणि नाही ऐकलं तर?"

हा विचार कुणी केलाच नव्हता.

बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "अगं, जन्म गेला माझा पब्लिक सांभाळण्यात. कशी असते ते मला विचारा. सरका बाजूला." त्यांनी पिशवी टिल्लूच्या गळ्यात अडकवली, मान दोन्ही बाजूंना मोडली, आणि त्या पब्लिक झाल्या.

"अहो, गुहा कधी उघडणार? आम्ही काय उन्हात तळायचं? आणि ही नदी इतक्या लांब कुणी ठेवली? जरा इकडे घ्यायला काय होतं? याच्यापेक्षा आमची आधीची टोळी बरी होती बाई!"

टोळीत एकदम जिवंतपणा आला. दादाने लाकडाचे दोन तुकडे उचलले आणि घासायला लागला. "प्रजाजनहो, मी तुम्हाला आग देईन!"

"म्हणजे स्वयंपाक मीच करायचा ना? नको. कच्चंच बरं आहे."

"मी तुम्हाला कायदा देईन," ताई पुढे झाली. "कलम पहिलं. रांगेत उभं राहायचं."

"मी एकटीच आहे. कुणाच्या मागे उभी राहू?"

टिल्लूने खिशातून अर्धं बिस्कीट काढून पुढे केलं. पब्लिकने ते खाल्लं. "अजून आहे?"

"नाही."

"मग काय राज्य करणार तू!"

राहिली कुजबुज. ती फोमच्या डोंगरावर चढली आणि तिने तो मैदानावरचा आवाज काढला. "लोकहो! आपण शेती करू! गावं वसवू! कुणी भुकेलं राहणार नाही, कुणी घाबरणार नाही! हा डोंगर आपला! ही नदी आपली!" रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला खाली वाकून आत बघून गेला.

"आवाज झकास आहे तुझा," पब्लिक म्हणाली. "पार मागच्या सीटपर्यंत पोचतो. पण पोरी, मी सकाळपासून उभी आहे. बसायला काय आहे तुझ्या गावात?"

कुजबुजने आजूबाजूला बघितलं. अख्खी संस्कृती पालथी पडलेली. गुहेत झोपता येत होतं, डोंगरावर चढलं की फोम घसरत होता, आणि बाईंच्या स्वतःच्या खुर्चीची नुसती चौकट उभी होती, मधोमध हे एवढं भगदाड.

"लोकहो!" ती डोंगरावरून उडी मारत म्हणाली. "आपण खुर्चीचा शोध लावतोय!"

"खुर्ची आगीच्या नंतर येते," दादा म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"इतिहासात तसंच आहे."

"इतिहास अजून झालेलाच नाहीये! चौकट धर!"

"प्रमुख चौकट धरत नसतात."

"अहो प्रमुख, धरा ना!" पब्लिक कळवळली. "इथे पब्लिकच्या पायांचे तुकडे पडायला आले!"

दादाने चौकट धरली. बाबांना खुर्चीच्या बैठकीत जाड कापडी पट्ट्या ठोकताना कुजबुजने शंभरदा पाहिलं होतं. पाहणं वेगळं आणि करणं वेगळं हे तिला पहिल्याच खिळ्याला कळलं, कारण हातोडी खिळ्याऐवजी अंगठ्यावर बसली आणि तिने असा सूर लावला की ताई काथ्यात जाऊन पडली. मग ताई पट्टी ताणायला लागली, टिल्लू डब्यातून एकेक खिळा बक्षीस दिल्यासारखा हातात ठेवायला लागला, आणि कुजबुज ठोकत सुटली. आधी आडव्या पट्ट्या, मग उभ्या, एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. वरती फोमची लादी.

"बसा," ती धापा टाकत म्हणाली.

पब्लिक बसली. खुर्ची कुरकुरली. मग कुरकुर थांबली. पब्लिकने डोळे मिटून असा काही सुस्कारा सोडला की बघणाऱ्याचेही पाय दुखायचे थांबावेत.

"आता सांगा," दादा म्हणाला. "प्रमुख कोण?"

बाईंनी एक डोळा उघडला. समोर उभ्या असलेल्या चौघांकडे पाहिलं. मग दुसरा उघडला. "मी बसलेय. तुम्ही हात बांधून उभे आहात. म्हणजे मीच की!"

ताईने डोक्यातले सगळे नियम धुंडाळले. "बरोबर वाटतंय," ती पडेल आवाजात म्हणाली.

"अरे वा!" कुजबुजचा अंगठा ठणकत होता आणि डोकंही. "खुर्ची मी शोधायची, अंगठा मी फोडायचा, आणि टोळी यांची?"

"चला, चला, पुढे सरका," नव्या प्रमुख म्हणाल्या. "दारात गर्दी नको. रानात भरपूर जागा आहे."

कुजबुजला क्षणभर रडू फुटेल असं वाटलं. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. आपण आता पब्लिक आहोत, नाही का? तिने छाती भरून श्वास घेतला. "प्रमुख! शेती कधी सुरू होणार?"

"होईल हो."

"होईल म्हणजे कधी? मागच्या वर्षीही होईलच म्हणालात!"

"मागच्या वर्षी मी..."

"आम्ही काय म्हातारे होईपर्यंत मुळंच चघळायची?" ताईला रहस्य कळलं होतं.

"मला खितकीची दागा पाहिदे!" टिल्लू.

"अरे गुहेला खिडकी कुठून आली?"

"मग मला इथेत उतलायतंय!"

"आणि नदी," दादा गंभीरपणे म्हणाला, "नदी मला वाकडी वाटते. तक्रार कुठे करायची?"

बाईंनी कानांवर हात ठेवले. "अरे देवा, आत्ता कुठे ड्युटी संपवून आलेय मी! नको मला ही टोळी. ये गं तू, ये. सगळ्यात मोठ्याने तूच ओरडतेस ना? मग आता तूच ऐक." आणि त्यांनी उठून कुजबुजला दोन्ही खांदे धरून खुर्चीत बसवलं. लगेच वळून, दुप्पट जोमाने, "प्रमुख! चहाचं काय?"

"चहाचा शोध लागायचाय!"

"मग लावा की! बसलात कशाला?"

चौघे चार बाजूंनी तुटून पडले. पण ऐकत मात्र कुणीच नव्हतं. "मी तक्रार करेन," दादाने तिच्या कानाशी येऊन सांगितलं, "पण ऐकणार नाही. आणि कुणी ऐकलं नाही तर तू प्रमुखबिमुख काही नाहीस."

तेवढ्यात शटर खडखडलं. हातात बटणांचा पुडा घेऊन बाबा आत आले. त्यांनी रेक्झिनची नदी पाहिली, भिंतीला टेकलेला मॅमथ पाहिला आणि लेकीखालची खुर्ची पाहिली.

"या पट्ट्या कुणी ठोकल्या?"

मागच्या वर्षीची असती तर कुजबुज स्वतःलाही ऐकू जाणार नाही असं काहीतरी पुटपुटली असती. आता तिने ठणकणारा अंगठा वर धरला.

"मी ठोकल्या. तुम्ही कोण? कुठल्या टोळीचे?"

बाबांनी आशेने कंडक्टरबाईंकडे पाहिलं.

"मला काय विचारता?" बाई म्हणाल्या. "मी पब्लिक आहे."

बाबा वाकले, खुर्चीखाली हात घालून त्यांनी एकेक पट्टी दाबून पाहिली.

"दोन सैल आहेत," ते म्हणाले.

"मग टोळीत यायचं असेल तर त्या दोन आधी ताणून द्या," कुजबुज म्हणाली. तिचा आवाज तसूभरही कमी झाला नाही. "बटणं नंतर."

बाबांनी पुडा खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि हातोडी उचलली. "हुकूम, प्रमुख. जरा उठता का?"

"ऐकलं!" ताई किंचाळली. "काकांनी ऐकलं! नियमात बसतं!"

दादाने कपाळावर हात मारून घेतला. कुजबुज उठली, अगदी सावकाश, राणीसारखी. "उठते. पण ही खुर्ची माझी आहे, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा."

"अजिबात नाही हं!" कंडक्टरबाई ताडकन म्हणाल्या. "खुर्ची माझी आहे, आणि ती मी आज घरी घेऊन जाणार आहे. प्रमुखाने दुसरी शोधावी!"