ओलिंदाबाईंच्या घराचा पत्ता

आमच्यासाठी घर शोधायला अदेमारकाकांना अडीच वर्षं लागली. मी ते एका वाक्यात घालवलं.

मी माँतेव्हिदेओ शहरात बस चालवतो. बायको मिर्ता शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, आणि दोन वर्षं शोधण्यात गेल्यावर मालकानं वर्षभरात जागा सोडा असं बजावलं होतं. अदेमारकाका मिर्ताच्या वडिलांचे जिवलग मित्र आणि धंद्यानं घरांचे दलाल. ऑफिस वगैरे काही नव्हतं, खिशात किल्ल्यांचा जुडगा असायचा. त्यांना सोडून दुसऱ्या कुणाकडे जायचं, हे मिर्ताच्या मनातही आलं नसतं.

पण काका घरं दाखवण्यापेक्षा नाकारायचेच जास्त. भिंतीला तळहात लावायचे, मोरीशी वाकून वास घ्यायचे आणि मालकाच्या तोंडावर म्हणायचे, "चल पोरी. दोन हिवाळ्यांत या भिंती बुरशीनं काळ्या होतील."

अशी अकरा घरं झाली. अकराव्या घराबाहेर मी वैतागून म्हणालो, "काका, घर घ्यायचंय, सोयरीक नाही जुळवायची!"

"सोयरीक मोडता येते रे बाबा," ते म्हणाले. "घरावरचं कर्ज मोडत नाही."

मिर्ता हसली. मला हसू आलं नाही.

एप्रिलमध्ये ते आम्हाला ओलिंदाबाईंकडे घेऊन गेले. बाई निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याऐंशी. मूलबाळ नव्हतं, आता गावाकडे भाचीजवळ राहायला जाणार होत्या. बैठं घर, उंच छताच्या तीन खोल्या, मध्ये अंगण, अंगणावर द्राक्षाचा वेल. ते घर पाडून इमारत उठवायला बिल्डर टपलेले होते, आणि बाई त्यांना दारातूनच हाकलायच्या. काका पाच महिने दर रविवारी त्यांच्याशी पत्ते खेळायला जात होते, तेव्हा कुठे त्या विकण्याचं बोलू लागल्या.

"वेल तोडशील?" त्यांनी मिर्ताला विचारलं.

"पानं झाडताना शिव्या देईन बाई," मिर्ता म्हणाली, "पण तोडणार नाही."

बाई खुदकन हसल्या. भाची जूनमध्ये येईल, तेव्हा कागद करू, म्हणाल्या. किंमतही आम्हाला झेपेल अशीच सांगितली.

रस्त्यावर येताच काकांनी आम्हाला थांबवलं. "तोवर बाई विकतायत हे आणि हा पत्ता कुणाला सांगायचा नाही. भावाला नाही, पाद्र्याला नाही."

जून लांब होता. डेपोत माझा सोबती नेल्सन रोज कान भरायचा. "म्हातारा खेळवतोय तुम्हाला. जास्त पैसेवालं गिऱ्हाईक गाठेपर्यंत तुम्हाला बांधून ठेवलंय. अरे, दलाल तो दलाल! माझ्या मेव्हणीला यानिना नावाच्या एजंटबाईनं तीन आठवड्यांत घर मिळवून दिलं."

सुट्टीच्या दिवशी मी यानिनाच्या ऑफिसात गेलो. मिर्ताला सांगितलं नाही. काचेचं दार, मऊ खुर्ची, कॉफी. बाई पस्तिशीची, चटपटीत.

"अडीच वर्षं? एकाच दलालाबरोबर?" ती म्हणाली. "अहो, एवढ्या वेळात माणसं लग्न करून घटस्फोट घेतात, आणि दोघांनाही घर मीच शोधून देते."

मी हसलो. यापुढे आमचं घर तिच्यामार्फत घ्यायचं, अशा कागदावर सहीही केली.

"मनात भरलेलं एखादं घर आहे का?" तिनं विचारलं. "मी लगेच मागे लागते. दलालीतही सूट देईन."

मी पत्ता सांगितला; घर अदेमारकाकांनी दाखवलंय, बाई जूनमध्ये विकणार, हेही बोलून गेलो. तिला गल्लीचं नाव नीट कळेना, तर मी एकेक अक्षर सांगून लिहून दिलं.

बाराव्या दिवशी दुपारी काका घरी आले. टोपी हातात होती. मिर्तानं ताट वाढायला घेतलं, त्यांनी नको म्हटलं.

"घर गेलं पोरी. एक बाई बिल्डरला घेऊन आली होती. 'अदेमारांनीच पाठवलंय, त्यांचाही यात वाटा आहे,' असं सांगितलं तिनं. भाचीला दुप्पट किंमत कबूल केली. भाची मावशीच्या मागे लागली. काल सही झाली."

"पण बाई घर विकतायत हे त्यांना कळलं कुठून?"

"ते आपल्या तिघांनाच माहीत होतं," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिघांना!" मिर्ता उसळली. "मी सांगितलं नाही, यानं सांगितलं नाही. मग उरलं कोण? माझ्या बापाच्या पंगतीला जेवलात तुम्ही! किती मिळाले?"

काका माझ्याकडेच बघत होते. मी मेजावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत राहिलो. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली असेल, निदान मला तसं वाटलं. मग त्यांनी टोपी घातली. "येतो," म्हणाले आणि गेले.

मी तडक यानिनाकडे जाऊन आरडाओरडा केला. ती शांतपणे म्हणाली, "ते घर तुमच्या आवाक्यातलं नव्हतंच. तुमच्यासाठी एक फ्लॅट बघून ठेवलाय." जागा सोडायची मुदत जवळ आली होती, कागदावर माझी सही होती. चौथ्या मजल्यावरचा तो फ्लॅट आम्ही घेतला. मिर्ताला मी सांगितलं, की काकांनी दगा दिल्यावर नेल्सननं हे नाव सुचवलं.

पुढचं तिनंच केलं. शाळेत, आठवडी बाजारात, चर्चच्या पायरीवर तिनं काकांचं नाव घेऊन सगळं सांगितलं. बापासमान माणसानं फसवल्याचा राग होता तो, खरा राग. लोक काकांना घर दाखवायला बोलवेनासे झाले. एकदा फळांच्या गाडीपाशी ते समोर आले, तेव्हा मिर्तानं तोंड फिरवलं. मी तिच्या शेजारी पिशवी धरून उभा होतो.

चौदा महिन्यांनी ते माझ्या बसमध्ये चढले. हातात पेटी होती. दूर साल्तो शहरात मुलीकडे कायमचे निघाले होते. मी तिकीट नको म्हटलं, तरी त्यांनी सुटे पैसे मोजून ठेवले.

सिग्नलला मी म्हणालो, "काका, तुम्ही मिर्ताला का नाही सांगितलंत?"

"ते सांगणं तुझं काम होतं. मी वाट बघत होतो." थोड्या वेळानं म्हणाले, "मी ओलिंदाकडे दोनदा गेलो. दाराआड तिच्या सपाता वाजल्या, पण तिनं दार उघडलं नाही. नंतर ती भाचीकडे गेली आणि हिवाळ्यात वारली. मी तिला विकलं, असंच समजून गेली."

स्टँडवर ते उतरले. मागच्या बसवाल्यानं भोंगा वाजवला.

त्या संध्याकाळी मी मिर्ताला सगळं सांगितलं. ती भोपळा चिरत होती. चिरणं थांबलं नाही.

"आणि मला बोलू दिलंस," एवढंच म्हणाली. "बाजारात, सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी तिनं साल्तोला पत्र लिहिलं, मग आणखी एक. उत्तर आलं नाही. शाळेत ज्यांच्या ज्यांच्यापाशी काकांची बदनामी केली होती, त्या एकेकीकडे जाऊन तिनं आपली चूक कबूल केली. बहुतेकींना ती गोष्ट आठवतही नव्हती.

वीस वर्षं आम्ही सकाळचं माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पानांचा चहा, एकाच तुंब्यातून, एकाच नळीनं प्यायलो. आता ती तिचं वेगळं करते आणि खिडकीशी उभं राहून पिते. माझं पाणी मात्र न चुकता गरम करून ठेवते.